सेर्गेई विनोग्राद्स्की

सेर्गेई निकोलायेविच विनोग्राद्स्की (जन्म : कीव, १३ सप्टेंबर १८५६, मृत्यू : ब्री-कोंत-रोबेर, फ्रान्स, फेब्रुवारी १९५३) हे रशियन साम्राज्यात जन्मलेले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. सूर्यप्रकाशाच्या मदतीवाचून, केवळ गंधक, अमोनिया यांसारख्या असेंद्रिय पदार्थांच्या ऑक्सिडीभवनातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगणारे जीव पृथ्वीवर आहेत, हे त्यांनी प्रथम दाखवून दिले. या क्रियेला पुढे रसायनसंश्लेषण हे नाव मिळाले. जमिनीत अमोनियाचे नायट्रेट कोण करते, या प्रश्नाचा उलगडाही त्यांनीच केला. मृदा सूक्ष्मजीवशास्त्राच्या संस्थापकांत डच शास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक यांच्याबरोबर त्यांचे नाव घेतले जाते. दलदली, खाड्या, भातखाचरे अशा पाणथळ जमिनींत गंधक, लोह, नायट्रोजन व कार्बन यांची चक्रे कशी फिरतात, याचे आजचे ज्ञान ज्या पायावर उभे आहे, त्याचा मोठा भाग त्यांच्या प्रयोगांतून घडला.

जीवाणू ज्या जागी राहतो त्या जागेचा विचार सोडून त्याचा अभ्यास करता येत नाही, हे मत त्यांनी सुमारे साठ वर्षे धरून ठेवले. त्यांच्या काळात हे मत प्रवाहाच्या उलट होते. वैद्यकीय जीवाणुशास्त्राचे यश तेव्हा शुद्ध संवर्धावर, म्हणजे एकच जात वेगळी काढून पोषक द्रावात वाढवण्यावर, उभे होते.

बालपण आणि शिक्षण

विनोग्राद्स्की यांचे घराणे सधन होते. पोडोलिया प्रांतातील गोरोदोक येथे कुटुंबाची मोठी जमीनजुमला असलेली मालमत्ता होती. या सुबत्तेचा त्यांच्या आयुष्यावर दुहेरी परिणाम झाला. पोटासाठी नोकरी करण्याची गरज नसल्यामुळे त्यांना आवडीचा विषय निवडता आला. पण त्याच कारणाने विषय ठरवण्यात त्यांची बरीच वर्षे गेली. १८७३ साली त्यांनी कीव विद्यापीठात कायद्याच्या अभ्यासासाठी प्रवेश घेतला व थोड्याच दिवसांत तो सोडून ते निसर्गविज्ञानाकडे वळले. तेथेही मन रमेना, म्हणून दोन वर्षांनी ते सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात पियानो शिकण्यास गेले. संगीताची आवड जन्मभर राहिली, परंतु तो व्यवसाय होऊ शकत नाही हे त्यांना लवकरच कळून चुकले. १८७७ मध्ये ते सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात निसर्गविज्ञान शाखेत दाखल झाले.

येथे रसायनशास्त्रात निकोलाय मेन्शुत्किन आणि वनस्पतिशास्त्रात आंद्रेई फामिन्त्सिन हे त्यांचे गुरू होते. १८७९ मध्ये त्यांचा झिनाईदा तिखोत्स्काया यांच्याशी विवाह झाला. या दांपत्यास चार मुली झाल्या. १८८१ मध्ये पदवी मिळाल्यावर ते फामिन्त्सिन यांच्या प्रयोगशाळेतच राहिले. द्राक्षारसावर सायीसारखा थर धरणाऱ्या एका यीस्टचा त्यांनी अभ्यास केला. काचेच्या लहान कोठडीतून पोषक द्राव वाहता ठेवायचा, त्यातील घटक बदलत जायचे आणि त्याच पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिवसचे दिवस पाहत राहायच्या, अशी त्यांची पद्धत होती. या अभ्यासाचे निष्कर्ष फारसे गाजले नाहीत, पण पुढील सर्व शोधांमागे हीच पद्धत दिसते.

स्ट्रासबुर्ग : गंधकावर जगणारे जीवाणू

१८८५ मध्ये पुढील संशोधनासाठी ते स्ट्रासबुर्ग येथे आंटोन डी बारी यांच्याकडे गेले. कवकशास्त्राचे जनक मानले जाणारे डी बारी हे त्या काळी युरोपातील अग्रगण्य वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या प्रयोगशाळेत देशोदेशीचे तरुण संशोधक येत. आजच्या भाषेत याला पदव्युत्तर संशोधनवृत्तीचा काळ म्हणता येईल. विनोग्राद्स्की यांच्या बाबतीत तो जेमतेम तीन वर्षांचा ठरला, कारण १८८८ च्या आरंभी डी बारी यांचे निधन झाले. मात्र या तीन वर्षांतच त्यांच्या कीर्तीचा पाया घातला गेला.

त्यांनी निवडलेला जीव होता बेगियाटोआ. गंधकयुक्त झऱ्यांत आणि साचलेल्या पाण्याखालील काळ्या चिखलावर पांढऱ्या, कोळिष्टकासारख्या तंतूंचा जो थर दिसतो तो बहुधा याच जीवाणूचा असतो. त्याच्या पेशींमध्ये गंधकाचे चकाकणारे कण असतात, हे आधीपासून माहीत होते. जेथे बेगियाटोआ तेथे कुजलेल्या अंड्यासारखा वास, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड वायू, हेही सर्वांना ठाऊक होते. यावरून फर्डिनांड कोन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष काढला होता की हा जीवाणू पाण्यातील सल्फेटपासून तो वायू तयार करतो. विनोग्राद्स्की यांनी हे कार्यकारण नेमके उलटे केले.

प्रयोगासाठी हायड्रोजन सल्फाइडचा सतत पुरवठा हवा होता. त्यांनी एका खोल काचपात्रात पाणवनस्पतीचे मुळाखोडांचे तुकडे त्यांना चिकटलेल्या चिखलासकट ठेवले, त्यात पाणी व थोडे जिप्सम घातले आणि पात्र तसेच राहू दिले. तळाशी कुजण्याची क्रिया सुरू झाली, वास येऊ लागला आणि काही आठवड्यांत पृष्ठभागाजवळ बेगियाटोआचे तंतू वाढले. म्हणजे दलदलीचा एक तुकडाच त्यांनी टेबलावर उभा केला होता. मग तंतू काचपट्टीवर घेऊन ते दिवसातून अनेकदा वरील पाणी बदलत. पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असले की पेशी गंधकाच्या कणांनी भरून जात. साधे पाणी दिले की एक-दोन दिवसांत ते कण नाहीसे होत आणि त्यानंतर तंतू उपासमार झाल्याप्रमाणे मरू लागत. नाहीसा झालेला गंधक सल्फेटच्या रूपाने पाण्यात सापडत असे. याचा अर्थ असा की बेगियाटोआ हा वायू निर्माण करीत नव्हता. तो त्याचे ज्वलन करीत होता. प्राणी साखर जाळून ऊर्जा मिळवतात, त्याचप्रमाणे हा जीव हायड्रोजन सल्फाइड आणि गंधक जाळून ती मिळवत होता.

हे निष्कर्ष १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. लगेच पुढच्या वर्षी त्यांनी लोह-जीवाणूंवर लेख लिहिला. पाण्यातील विरघळलेले लोह ऑक्सिडीकृत करून गंजाच्या रंगाचा साका तयार करणारा लेप्टोथ्रिक्स हा जीवाणूही त्याच मार्गाने ऊर्जा मिळवत असावा, असे त्यांचे म्हणणे होते. लेप्टोथ्रिक्सविषयीचा हा निष्कर्ष पुढे दीर्घकाळ वादाचा विषय राहिला. बेगियाटोआचे कार्यही त्या वेळी एका बाजूने अपुरे होते. ऊर्जा गंधकातून येते हे सिद्ध झाले, पण शरीर घडवण्यासाठी लागणारा कार्बन हा जीव कोठून घेतो, हे तेव्हा ठरवता आले नाही; पुढील संशोधनात या गटातील कित्येक जीवाणू सेंद्रिय पदार्थही वापरतात असे आढळले.

झुरिक : नायट्रीकरणाचा उलगडा

डी बारी यांच्या निधनानंतर विनोग्राद्स्की झुरिकला गेले आणि त्यांनी शेतीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा प्रश्न हाती घेतला. शेणखत, मूत्र व कुजलेला पालापाचोळा यांतून जमिनीत अमोनिया तयार होतो आणि त्याचे पुढे नायट्रेट होते. हे नायट्रेट पिकांची मुळे शोषून घेतात. ही क्रिया निव्वळ रासायनिक नसून सजीवांमुळे होते, हे फ्रान्समधील श्लोसिंग व म्यूंत्स यांनी १८७७ मध्ये दाखवले होते. सांडपाणी वाळूच्या नळीतून झिरपू दिल्यावर नायट्रेट मिळे; नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली की क्रिया थांबे. पण तो सजीव कोणता, हे दहा-बारा वर्षे कोणालाही सापडले नव्हते. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी चिकाटीने प्रयत्न केले होते. त्यांनाही शुद्ध संवर्ध मिळाला नाही.

अडचण पद्धतीतच होती. सर्व संशोधक रॉबर्ट कॉख यांच्या जिलेटिनच्या पट्ट्या वापरत होते, आणि जिलेटिन हा सेंद्रिय पदार्थ आहे. त्यावर मातीतील इतर जीवाणू भराभर वाढत; ज्याचा शोध चालू होता तो मात्र कधीच दिसत नसे. बेगियाटोआच्या अनुभवावरून विनोग्राद्स्की यांनी वेगळा विचार केला. हा जीव अमोनियाच्या ऑक्सिडीभवनावर जगत असेल, तर त्याला सेंद्रिय अन्न देण्याची गरजच नाही. त्यांनी झुरिक सरोवराच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, पोटॅशियम फॉस्फेट व मॅग्नेशियम कार्बोनेट एवढेच पदार्थ घातले आणि त्यात चिमूटभर माती सोडली. एका पात्रातून दुसऱ्या पात्रात थोडा द्राव नेत गेल्यावर सोबतचे जीवाणू हळूहळू मागे पडले. उरलेले काढून टाकण्यासाठी त्यांनी जिलेटिनचाच उलटा उपयोग केला : पट्टीवर ज्या ठिकाणी काहीच उगवले नाही, तेथील साक्याचे कण उचलून ते पुन्हा द्रावात सोडले. दुसऱ्यांनी अपयश म्हणून टाकून दिलेल्या रिकाम्या जागेतच त्यांना हवा असलेला जीवाणू सापडला. पुढे त्यांनी घनरूप माध्यम म्हणून सिलिका जेल वापरले. त्यात सेंद्रिय पदार्थाचा अंशही नसतो.

कार्बनचा जो प्रश्न बेगियाटोआच्या बाबतीत अनुत्तरित राहिला होता, तोही येथे सुटला. सेंद्रिय पदार्थांपासून काळजीपूर्वक मुक्त केलेल्या पात्रांत, अंधारात, हे जीवाणू वाढले आणि त्या द्रावातील सेंद्रिय कार्बनचे प्रमाण वाढत गेल्याचे मोजमापाने सिद्ध झाले. तो कार्बन कार्बन डाय-ऑक्साइडवाचून दुसरीकडून येणे शक्य नव्हते. एक भाग कार्बन शरीरात घेण्यासाठी सुमारे ३५ भाग नायट्रोजनचे ऑक्सिडीभवन करावे लागते, असे त्यांचे गणित निघाले. एवढ्या तुटपुंज्या उत्पन्नावर जगणारा हा जीव सावकाश वाढतो यात नवल नाही. हिरव्या वनस्पती आणि प्रकाश यांवाचून सेंद्रिय पदार्थ निर्माण होऊ शकत नाही, ही तोपर्यंतची ठाम समजूत १८९० मध्ये या प्रयोगांनी मोडून काढली.

क्रियेचे दोन टप्पे आणि दोन वेगळे कामकरी आहेत, हेही त्यांनी दाखवले. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो. दुसरा त्या नायट्राइटचे नायट्रेट करतो. यांतील नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर ही नावे त्यांनीच दिली. जावा, क्विटो अशा दूरदूरच्या ठिकाणांहून मातीचे नमुने मागवून त्यांनी सर्वत्र हीच क्रिया चालते याची खात्री करून घेतली. याच सुमारास इंग्लंडमध्ये पर्सी व ग्रेस फ्रँकलंड या दांपत्यानेही नायट्रीकरण करणारा जीवाणू वेगळा केल्याचे प्रसिद्ध केले होते. मात्र हे जीव आपला कार्बन कार्बन डाय-ऑक्साइडमधून घेतात, याचा मोजमापासह पुरावा देण्याचे श्रेय विनोग्राद्स्की यांचेच आहे.

सेंट पीटर्सबर्ग

या शोधांनंतर लुई पाश्चर यांच्याकडून त्यांना पॅरिसचे निमंत्रण आले. परंतु सेंट पीटर्सबर्ग येथे नुकतीच प्रायोगिक वैद्यक संस्था स्थापन झाली होती आणि तेथील सामान्य सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचे प्रमुखपद त्यांना देऊ करण्यात आले. मायदेशी काम करण्याच्या ओढीने १८९१ मध्ये त्यांनी ते स्वीकारले. शरीरक्रियाशास्त्र विभागात त्यांचे सहकारी इव्हान पावलोव्ह हे होते.

येथील त्यांचा सर्वांत महत्त्वाचा शोध नायट्रोजन स्थिरीकरणाचा आहे. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नायट्रोजन बांधून ठेवतात, हे १८८६ ते १८८८ या काळात समजले होते. वनस्पतीच्या आश्रयाविना मातीत स्वतंत्र राहूनही काही जीव हे काम करतात, हे विनोग्राद्स्की यांनी १८९३ ते १८९५ या काळात सिद्ध केले आणि त्या जीवाणूला पाश्चर यांच्या सन्मानार्थ क्लॉस्ट्रिडियम पाश्चुरियानम असे नाव दिले. हा जीवाणू विनॉक्सी आहे. ऑक्सिजन त्याला सोसत नाही. तरीही तो हवेशीर मातीत आढळतो, कारण आसपासचे इतर जीवाणू ऑक्सिजन संपवून त्याला सुरक्षित कोपरा करून देतात. तो शुद्ध करण्याच्या प्रयत्नात ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली.

त्यांच्या मार्गदर्शनाखाली एका विद्यार्थ्याने अळशीचे देठ पाण्यात कुजवून धागा सुटा करण्याच्या क्रियेतील जीवाणू शोधला. आपल्याकडे ताग किंवा अंबाडी डोहात बुडवून ठेवतात, त्यातलीच ही क्रिया. वासिली ओमेल्यान्स्की या त्यांच्या दुसऱ्या सहकाऱ्याने सेल्युलोज ऑक्सिजनविना कुजताना मिथेन व हायड्रोजन कसे बाहेर पडतात, याचा अभ्यास केला. दलदलीतून निघणाऱ्या वायूच्या आधुनिक अभ्यासाची सुरुवात शोधताना ओमेल्यान्स्की यांच्या कामाचा उल्लेख करावाच लागतो.

१८९६ मध्ये संस्थेत दिलेल्या एका व्याख्यानात विनोग्राद्स्की यांनी या सर्व शोधांना एका सूत्रात गोवले. एक जीव जे टाकतो ते दुसरा उचलतो. अशा परस्परावलंबी सूक्ष्मजीवांमुळे पृथ्वीवरील मूलद्रव्ये सतत फिरत राहतात आणि सर्व सजीव मिळून जणू एक मोठे शरीर बनते, असा त्याचा आशय होता. पुढे व्लादिमिर वेर्नाद्स्की यांनी जीवावरणाची जी कल्पना मांडली, तिच्यात विनोग्राद्स्की यांच्या स्वयंपोषी जीवाणूंना महत्त्वाचे स्थान आहे.

१९०२ मध्ये ते संस्थेचे संचालक झाले. प्रशासनाचे काम त्यांना मानवले नाही आणि प्रकृतीही ढासळली. १९०५ मध्ये त्यांनी पद सोडले.

गोरोदोक आणि देशत्याग

पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी संशोधनही थांबवले. पुढील बारा वर्षे त्यांनी गोरोदोकच्या मालमत्तेवर शेती, वनीकरण व जमिनीची सुधारणा यांत घालवली. हिवाळ्यात ते स्वित्झर्लंडला जात. नामांकित शास्त्रज्ञाने ऐन बहरात असा संन्यास घ्यावा, हे त्यांच्या चरित्रकारांना कोडेच वाटत आले आहे. आजारपण हे कारण खरे असले तरी पुरेसे वाटत नाही. आवडता विषय अर्ध्यावर सोडून दुसरीकडे जाण्याची सवय त्यांच्या तरुणपणापासून दिसते, एवढे मात्र म्हणता येईल.

१९१७ च्या क्रांतीनंतर आणि त्यापाठोपाठच्या यादवी युद्धात जमीन गेली. ओडेसामार्गे देश सोडून ते आधी स्वित्झर्लंडला व १९२१ मध्ये बेलग्रेडला पोहोचले. तेथील कृषी विद्याशाखेत त्यांना प्राध्यापकपद मिळाले, पण प्रयोगशाळा नावापुरतीच होती. वयाच्या पासष्टाव्या वर्षी, मालमत्ता व देश दोन्ही गमावल्यावर, त्यांनी मधल्या पंधरा-सोळा वर्षांतील जीवाणुशास्त्रीय वाङ्मय वाचून काढायला घेतले आणि लोह-जीवाणूंच्या जुन्या वादावर पुन्हा लेख लिहिला. १९२२ मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक एमिल रू यांनी त्यांना फ्रान्सला बोलावले. पाश्चर यांचे निमंत्रण नाकारल्यानंतर तीस वर्षांनी ते त्याच संस्थेत दाखल झाले.

ब्री-कोंत-रोबेर

पॅरिसपासून सुमारे ३० किलोमीटरवरील ब्री-कोंत-रोबेर या गावी संस्थेची एक वास्तू होती. तेथे त्यांनी कृषी जीवाणुशास्त्राचा विभाग सुरू केला आणि १९४० पर्यंत तो चालवला. त्यांची कन्या एलेन ही त्यांची सहकारी होती.

या काळात त्यांनी प्रचलित मृदा जीवाणुशास्त्रावर कडक टीका केली. मातीतील जीवाणू पेप्टोन व साखर असलेल्या माध्यमावर वाढवून त्यांची गणती करणे म्हणजे मातीचा अभ्यास नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. प्रयोगशाळेत वाढलेल्या वंशाचे वर्तन पाहून तो मातीत काय करतो हे सांगता येत नाही. त्याऐवजी त्यांनी प्रत्यक्ष पद्धत सुचवली : मातीचे कण वेगळे करायचे, रंगवायचे आणि जीवाणू आहेत त्या जागी सूक्ष्मदर्शकाने पाहायचे. अशा पाहणीत पट्टीवर उगवणाऱ्या जीवाणूंपेक्षा कितीतरी अधिक जीवाणू मातीत दिसले.

त्यांनी मातीतील जीवाणूंचे दोन वर्ग केले. एक वर्ग मूळ रहिवाशांचा. तो कुजून स्थिरावलेल्या ह्यूमसवर सावकाश, पण सतत जगतो. दुसरा वर्ग ताजा सेंद्रिय पदार्थ मिळताच झपाट्याने वाढणाऱ्यांचा. अन्न संपले की तो पुन्हा दिसेनासा होतो. संशोधकांच्या पट्ट्यांवर मुख्यतः दुसराच वर्ग उगवत होता. ही विभागणी आज जशीच्या तशी कोणी वापरत नाही, पण मंद व शीघ्र वाढीच्या सूक्ष्मजीवांतील भेद सांगताना मृदाशास्त्रज्ञ अजूनही तिच्याकडे वळतात. सेल्युलोज खाणाऱ्या सायटोफॅगा या जीवाणूचे वर्णन व नामकरण त्यांनी याच काळात, १९२९ मध्ये, केले.

त्यांच्या या भूमिकेचा परिणाम अनपेक्षित ठिकाणी झाला. रोममध्ये काम करणाऱ्या रेने द्यूबो या फ्रेंच तरुणाने १९२४ मध्ये त्यांचा एक लेख वाचला आणि जीवाणुशास्त्रज्ञ होण्याचे ठरवले. द्यूबो अमेरिकेत सेल्मन वॅक्समन यांचे विद्यार्थी झाले. जीवाणू मातीत परस्परांशी कसे वागतात हा प्रश्न धरून त्यांनी १९३९ मध्ये मातीतील एका जीवाणूपासून प्रतिजैविक द्रव्य मिळवले. पुढे वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत १९४३ मध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन सापडले. वॅक्समन यांनीच विनोग्राद्स्की यांचे चरित्र लिहिले.

१९३९ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. फ्रान्स जर्मनीच्या ताब्यात गेल्यावरही ते ब्री-कोंत-रोबेर येथेच राहिले. प्रयोगशाळेचे काम थांबले होते, म्हणून त्यांनी आपले सर्व लेखन पुन्हा तपासून एकत्र आणले. मृदा सूक्ष्मजीवशास्त्रावरील त्यांचा आठशेहून अधिक पानांचा फ्रेंच ग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते ब्याण्णव वर्षांचे होते. वयाच्या ९६ व्या वर्षी त्याच गावी त्यांचा मृत्यू झाला.

विनोग्राद्स्की स्तंभ

शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना त्यांचे नाव बहुधा या प्रयोगातून कळते. बेगियाटोआसाठी केलेल्या काचपात्राचाच हा पुढचा अवतार आहे. तळ्याकाठचा चिखल घेऊन त्यात कागदाचे कपटे, जिप्सम व थोडी खडूची पूड मिसळतात. हे मिश्रण उंच पारदर्शक नळीत भरून वर तळ्याचेच पाणी घालतात आणि नळी काही आठवडे उजेडात ठेवतात. बाहेरून काहीही न घालता चिखलात हळूहळू रंगांचे थर पडतात. तळ लोह सल्फाइडमुळे काळा होतो. त्याच्या वर हिरव्या व जांभळ्या गंधक-जीवाणूंचे पट्टे दिसतात. त्यावर गंजाच्या रंगाचा भाग आणि सर्वांत वर ऑक्सिजन असलेल्या पाण्यात शैवाले व नील-हरित जीवाणू वाढतात. खालून वर येणारा हायड्रोजन सल्फाइड आणि वरून खाली झिरपणारा ऑक्सिजन यांच्या चढ-उतारात प्रत्येक जीवाणू आपल्याला मानवणारी पातळी शोधतो. साध्या बरणीतही हा प्रयोग होतो, मात्र थर स्पष्ट दिसण्यासाठी धीर धरावा लागतो.

पाणथळ जमिनींच्या अभ्यासातील स्थान

विनोग्राद्स्की यांनी पाणथळ जमिनींच्या पुनरुज्जीवनावर काम केले नव्हते; ती विद्याशाखा त्यांच्यानंतरची आहे. पण तिच्यात रोज वापरल्या जाणाऱ्या कल्पना त्यांच्या प्रयोगांशी थेट जोडलेल्या आहेत. पाण्याखालच्या मातीत ऑक्सिजन फक्त वरच्या काही मिलिमीटरच्या थरात आणि मुळांच्या लगत असतो. तेथे नायट्रीकरण होते. तयार झालेले नायट्रेट खालच्या विनॉक्सी थरात उतरते आणि तेथील जीवाणू त्याचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. सांडपाण्यातील नायट्रोजन दलदली शोषून टाकतात तो या जोडक्रियेमुळे.

भातखाचरात हीच क्रिया शेतकऱ्याच्या नुकसानीची ठरते, कारण वर फेकलेल्या युरियातील नायट्रोजन याच वाटेने हवेत उडून जातो. महाराष्ट्रातील चारसूत्री भात लागवडीत युरिया-डीएपीच्या गोळ्या चुडांच्या मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. त्या खोलीवर ऑक्सिजन नसल्याने नायट्रोसोमोनासचे काही चालत नाही आणि अमोनिया मुळांसाठी शिल्लक राहतो.

पाणथळ जमीन कोरडी केली तर काय होते, हेही गंधक-जीवाणूंच्या अभ्यासातून समजते. खाडीलगतच्या चिखलात शतकानुशतके साठलेली लोह सल्फाइडे हवा लागताच ऑक्सिडीकृत होतात आणि त्यांतून गंधकाम्ल तयार होते. केरळमधील कुट्टनाड भागातील करी जमिनी अशा आम्लयुक्त मातीसाठी प्रसिद्ध आहेत. अशा जमिनीत पाणी परत आणल्यास आम्ल बनणे थांबते, परंतु लोहाला बांधलेले फॉस्फेट सुटे होते आणि मिथेनही निघू लागतो. म्हणून पुनरुज्जीवनाच्या प्रकल्पांत पाण्याची पातळी किती व केव्हा वाढवायची हा प्रश्न पाटबंधाऱ्यांइतकाच सूक्ष्मजीवांचाही असतो.

नंतरच्या संशोधनाने झालेले बदल

नायट्रीकरणाचे दोन टप्पे दोन वेगळे जीव करतात, हा विनोग्राद्स्की यांचा निष्कर्ष शतकाहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांत नियमासारखा राहिला. २००५ मध्ये अमोनियाचे ऑक्सिडीभवन करणारे आर्किया गटातील जीव सापडले. २०१५ मध्ये नायट्रोस्पिरा या जीवाणूचे काही प्रकार दोन्ही टप्पे एकटेच पार पाडतात असे दोन संशोधकगटांनी दाखवले. हे जीव शोधायला इतका काळ का लागला, याचे उत्तर विनोग्राद्स्की यांच्या टीकेशी जुळते : नेहमीच्या संवर्ध-पद्धतीत अमोनिया भरपूर असतो आणि त्यात वेगळेच जीवाणू बाजी मारतात. दुसरीकडे, १९७७ मध्ये गालापागोसजवळच्या समुद्रतळाशी उष्ण झऱ्यांभोवती प्राण्यांची दाट वस्ती आढळली. तेथे सूर्यप्रकाश पोहोचत नाही. ती सारी वस्ती हायड्रोजन सल्फाइड जाळणाऱ्या जीवाणूंवर पोसली जाते. बेगियाटोआच्या तंतूंवरून त्यांनी जे सांगितले होते, त्याचे एवढे मोठे उदाहरण त्यांच्या हयातीत कोणाच्या दृष्टीस पडले नव्हते.

सन्मान

१८९४ मध्ये रशियन विज्ञान अकादमीने त्यांना पत्रसदस्य म्हणून निवडले. देश सोडल्यानंतर १९२३ मध्ये त्यांना मानद सदस्यत्वही मिळाले. १९०३ मध्ये स्थापन झालेल्या रशियन सूक्ष्मजीवशास्त्र संघटनेच्या संस्थापकांत ते होते. १९२४ मध्ये ते फ्रेंच विज्ञान अकादमीचे परदेशी सदस्य झाले. नेदरलँड्सच्या अकादमीकडून त्या काळी साधारणपणे दहा वर्षांतून एकदा दिले जाणारे लेव्हेनहूक पदक त्यांना १९३५ मध्ये मिळाले. पूर्वी ते कोन, पाश्चर आणि बायरिंक यांना मिळाले होते. बेगियाटोआविषयी ज्यांचे मत खोडून त्यांनी सुरुवात केली, तेच हे कोन. १९४८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनेही त्यांना परदेशी सदस्य करून घेतले. मॉस्को येथील रशियन विज्ञान अकादमीच्या सूक्ष्मजीवशास्त्र संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले असून विनोग्राद्स्कीएला या सागरी जीवाणूंच्या प्रजातीचे नावही त्यांच्यावरूनच ठेवले आहे.